खडीच्या बागेत झाड लावताय? या चुका टाळा

खडीत लावलेलं झाड जगलं नाही की दोष खडीला दिला जातो. खरा घोळ बहुतेक वेळा तिच्या खाली असतो. खडी अंथरण्याआधी जमीन धुमसून घट्ट केलेली असते, वर मुरमाचा थर, त्यावर तण येऊ नये म्हणून काळं कापड किंवा थेट प्लास्टिक. आपण मूठभर खडी सरकवतो, कापडाला फुलीसारखा छेद देतो आणि त्यातून रोप खुपसतो. काही महिने ते कुंडीतल्या मातीवर तग धरतं, मग जागच्या जागी थांबतं.

आधी निदान मीटरभर रुंदीची जागा मोकळी करा. खडी ताडपत्रीवर काढून ठेवा. एकदा मातीत मिसळली की वेचत बसावं लागतं. कापड गोल कापून पूर्ण काढा. फुलीचे कोपरे दुमडून ठेवले तर पुढे जाड होणाऱ्या बुंध्याला तेच काचतात. मुरूम काढून टाका आणि खालची दाबलेली माती पहारीने फोडा.

खड्डा खोल नको, रुंद हवा. हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट-तिप्पट रुंदी, खोली मात्र हुंडीइतकीच. तळाशी भुसभुशीत भर घातली की ती खचते आणि रोप खाली बसतं. हुंडीभोवती गोल फिरलेली मुळं सोडवा किंवा कापा. बुंधा जिथे रुंदावून मुळांत उतरतो, ती जागा मातीच्या पातळीला किंवा बोटभर वर राहू द्या. इथवर बरेच जण बरोबर करतात आणि शेवटी खडी परत पसरताना तोच भाग गाडून टाकतात. बुंध्याभोवती 10-15 सेंटीमीटर जागा उघडी ठेवा, मग खडी कितीही छान दिसो.

निचऱ्यासाठी खड्ड्याच्या तळाशी खडी टाकायची सवय तर सोडाच. बारीक मातीतलं पाणी, ती माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत, खालच्या भरड थरात उतरत नाही. म्हणजे मुळं आणखी ओली राहतात. त्यापेक्षा लावण्याआधी खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. तासाला दोन-तीन सेंटीमीटर उतरलं तर ठीक. पाणी तसंच साचून राहिलं तर उंचवटा करून लावा.

पाणी देताना खडी फसवते. वरून ती लगेच कोरडी दिसते, खाली मात्र ओल टिकते. म्हणून खडी सरकवून मातीत बोट घालून पाहा. माती ओली असूनही पानं पिवळी पडून लोंबत असतील तर पाणी जास्त होतंय. कडा करपून कुरकुरीत झाल्या आणि माती कोरडी लागली तर पाणी मुळांपर्यंत पोहोचत नाही. खडीखाली हुंडीच्या कडेने मातीचं आळं करा आणि पाणी सावकाश सोडा.

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर खडी कुठल्या दगडाची आहे ते बघा. चुनखडीच्या दगडातला चुना मातीत उतरतो आणि झाडाला लोह घेता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, दिल्याने पानं तात्पुरती हिरवी होतात, पण मुळांच्या टापूतली ती खडी उचलून तिथे बेसाल्ट किंवा ग्रॅनाइटची टाकलेली बरी.