नोटीस लागण्याआधी घरी सांगा

मी कराडकडची, तो लातूरचा, दोघं नोकरीला पुण्यात. जात वेगळी. लग्न रजिस्टर केलं. तुमचंही असंच काही ठरत असेल तर आधी घर, मग कार्यालय असा क्रम ठेवा. मी उलटं केलं आणि सहा महिने आप्पांचा अबोला सोसला.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस देण्याआधीचे किमान ३० दिवस दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात राहिलेला लागतो. नोटीस कार्यालयात फळ्यावर लागते, मग हरकतीसाठी ३० दिवस थांबायचं. इथवर मला माहीत होतं. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर प्रत तिकडच्या कार्यालयातही लागते, हे माहीत नव्हतं. माझी साताऱ्यात लागली. चुलत्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी वाचली आणि आप्पांना माझ्या लग्नाची बातमी एसटी स्टँडवर कळली. "चारचौघांत कळलं मला," एवढंच म्हणाले. जातीपेक्षा त्यांना तेच जास्त लागलं असं मला अजून वाटतं.

घरी सांगायला एकटीनं जा. फोनवर नको, गणपतीत तर नकोच, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. साधा वार बघा. आणि परवानगी मागू नका, सांगा. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची, आधीचं लग्न नाही, जवळचं नातं नाही, असं सगळं असलं की आईबापांची नाराजी ही कायद्यात हरकत होत नाही.

मी गेले तेव्हा आई मेथी निवडत होती. तिनं विचारलं, "त्याच्या आईला कधीपासून माहितीये?" दोन वर्षं, मी म्हणाले. ती काही बोलली नाही, पण काड्या पानांतच टाकत राहिली. तेव्हा दोन्ही घरी एकाच आठवड्यात सांगा.

"तो म्हणतो" हे शब्द घरी तोंडातून काढू नका. "मी ठरवलंय" म्हणा, नाहीतर सगळं खापर त्याच्यावर फुटतं. घरचं रागातलं बोलणंही जसंच्या तसं त्याच्यापर्यंत नेऊ नका. दादा त्याच्या घरच्यांबद्दल एक वाक्य बोलला, ते मी त्याच रात्री पोचवलं. दादा विसरला, नवरा नाही विसरला.

धमकी मात्र लपवू नका. त्याला सांगा, पोलिसांना सांगा, कागदपत्रं आधीच स्वतःजवळ आणून ठेवा. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष करायला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सांगितलेलं आहे.

नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न लागलं नाही तर पुन्हा नोटीस द्यावी लागते. म्हणजे हरकतीचे दिवस संपल्यावर साधारण दोन महिने हातात राहतात. ते घरच्यांसाठी वापरा. आम्ही शेवटच्या आठवड्यातली तारीख घेतली. साक्षीदार तीन लागतात. दोन मैत्रिणी ठरवल्या, तिसरी जागा दादासाठी ठेवली. तो आला, सही केली, न जेवता गेला. आप्पांना तारीख मी स्वतः फोनवर सांगितली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन आईकडे दिला.