जपानी शब्द शोधताना इंग्रजीले मधात घेऊ नका

मागच्या वर्षी जपानीच्या ऑनलाइन क्लासच्या सेन्सेईंनी, म्हणजे बाईंनी, विचारलं, रविवारी फ्री आहेस का. मी डिक्शनरीत फ्री टाकलं, जो शब्द वर दिसला तो उचलला आन पाठवून दिला, मी मुर्यो आहे. म्हणजे मी फुकट आहे, पैसे लागत नाहीत!! बाई लय हसल्या.

तेव्हापासून एकच करतो, डिक्शनरी उघडाच्या आधी मनात मराठी शब्द पक्का करतो. फुकट असन तर मुर्यो, रिकामा असन तर हिमा, कोणाच्या धाकात नाही असा मोकळा असन तर जियू. राइटचंही तसंच, उजवा मिगी, बरोबर तादाशी, हक्क केन्री.

आमच्या भंडारा साइडच्या पोरांना तर राइस शिकवाची गरजच नाही. इंग्रजीत सगळाच राइस, पण बांधीत उभं ते धान, गिरणीतून आलं ते तांदूळ, ताटात वाढलं तो भात, आन जपानीतही सेम, इने, कोमे, गोहान. फक्त पोत्यातल्या धानाले, म्हणजे कोंडा निघाच्या आधीच्या दाण्याले, त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, मोमी. (हॉटेलात चपट्या प्लेटमधे आला की तोच भात राइसु होते, ते सोडा.)

आता डिक्शनरी. मी जिशो डॉट ऑर्ग वापरतो, फुकट आहे, म्हणजे मुर्यो. तिच्यातले शब्द जेएमडिक्ट नावाच्या ज्या मूळ डिक्शनरीतून येतात ती जिम ब्रीन यांनी १९९१ मधे सुरू केली, आन ती जपानीतून इंग्रजीकडे बांधलेली आहे. म्हणून इंग्रजी टाकून शोधता तेव्हा तुम्ही उलट्या दारानं आत शिरता, पहिला शब्द तुमच्या कामाचा असनच असं नाही. जो आवडला तो जपानी शब्द परत सर्चमधे टाका, त्याचे सगळे अर्थ वाचा, मग उदाहरणाच्या वाक्यात तो कोणासोबत बसून रायला ते पाहा. लाइट शोधलं तर वजनाले हलकं ते कारुई निघते, पण एक अक्षर चुकून काराई लिहिलं की बॅग तिखट झाली.

खरी पंचाईत तिथं होते जिथं मराठीही मदत करत नाही. डिसेंबरात पहाटे धुऱ्यावर वाजते ती थंडी सामुई, माठातलं पाणी हाताले थंड लागते ते त्सुमेताई, आपण दोन्हीले थंडच म्हणतो. वाजवणे पण तसंच, गिटार आन पेटी हिकु, ढोल ताताकु, बासरी फुकु (हे मले आपल्या फुंकण्यावरून लगेच पाठ झालं). घालणे म्हटलं की जपानी माणूस अंगाचा भाग पाहते, शर्ट किरु, पँट असो का चप्पल असो कमरेखालचं सगळं हाकु, टोपी काबुरु, चष्मा काकेरु. म्हणून वहीत एकटा शब्द कधीच लिहू नका, जोडीनं लिहा, बोशी ओ काबुरु, मेगाने ओ काकेरु, बोशी म्हणजे टोपी, मेगाने म्हणजे चष्मा आन मधला ओ म्हणजे आपल्या ले सारखा. एकटा लिहिलेला शब्द परीक्षेत दगा देते, मी दोनदा खाल्ला आहे.

कधी उलटंही होते. काका आन मामा दोघंही त्यांच्यासाठी ओजी, आपले एवढे शब्द वाया. पण लिहाची वेळ आली की कांजी, म्हणजे चिनीतून आलेलं अक्षर, बदलते, आईबापाहून मोठा असन तर एक आन लहान असन तर दुसरी, उच्चार तोच. मामावर चार ओळी लिहाच्या होत्या तर मले आधी चुलीपाशी जाऊन मायले विचारावं लागलं, मामा तुह्याहून मोठा का लहान.