ग्रामसभेचा अर्ज लिहिताना ‘प्रस्ताव’ की ‘ठराव’?

रस्ता, पाण्याची टाकी, शाळेची खोली, काहीही मागायचं असो, लिहिण्याआधी शब्द नीट निवडा. ‘सूचना’ म्हणजे नुसतं सुचवणं. ‘विनंती’त निर्णय समोरच्यावर सोडलेला असतो, ‘मागणी’त हक्काचा सूर येतो. ‘प्रस्ताव’ मात्र जागा, खर्च, गरज असा तपशील घेऊन विचारासाठी पुढे येतो. तो सभेने मंजूर केला की ‘ठराव’ होतो, आणि त्याखाली सूचक (मांडणारा) आणि अनुमोदक (पाठिंबा देणारा) यांची नावं लागतात. बोलताना आपण सर्रास ‘ठराव मांडला’ म्हणतो, त्यात काही वावगं नाही. पण मंजुरीआधीच्या कागदावर ‘प्रस्ताव’च लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला काम कुठवर आलंय ते लगेच कळतं.

सोयरिकीत ‘प्रस्ताव’, ‘ठराव’ चालत नाहीत. तिथे स्थळ सांगून येतं, मागणी घातली जाते.

काम सुरू झाल्याचं सांगणाऱ्या शब्दांचंही तसंच. ‘सुरुवात’ कुठेही चालते. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या पत्रिकेत ‘प्रारंभ’ शोभतो. बांधकामाआधी भूमिपूजन, बांधून झाल्यावर उद्घाटन. निमंत्रणात यांची अदलाबदल करू नका. ‘श्रीगणेशा’ अगदी पहिल्यांदा हाती घेतलेल्या कामाला. आणि पेरणीसाठी आपल्या मराठवाड्यात ‘चाड्यावर मूठ धरली’ म्हणतात: तिफणीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, चाड्यात (बी सोडायच्या वाटीत) बियाण्याची पहिली मूठ सुटते, तो क्षणच त्या शब्दांत आहे. गावाकडच्या बातमीत तिथे ‘पेरणीचा शुभारंभ’ लिहिलेलं मला तरी फार कोरडं वाटतं.