आधुनिक तुर्की समाजाचा अभ्यास कुठून सुरू करावा

तुर्कस्तानच्या इतिहासाकडे नव्याने वळणारे बरेच विद्यार्थी २९ ऑक्टोबर १९२३ या प्रजासत्ताकाच्या स्थापनादिनापासून वाचनाला आरंभ करतात. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना खिलाफत चळवळ ठाऊक असल्यामुळे मार्च १९२४ मध्ये खलिफापद रद्द झाल्याची घटनाही ओळखीची वाटते. तरीही माझ्या अभ्यासातून बनलेले मत असे आहे की, सुरुवात प्रजासत्ताकापूर्वीच्या ऑटोमन साम्राज्यातील सुलतानाच्या १८३९ च्या गुलहाने फर्मानापासून करावी. त्या फर्मानाने प्रजेच्या जीविताची आणि मालमत्तेची हमी दिली, आणि पुढील काही दशकांत करव्यवस्था, न्यायालये व शिक्षण यांची नवी घडी बसू लागली. राज्यकारभारासाठी अधिकारी घडवणारी मुल्किये ही संस्था १८५९ मध्ये, तर फ्रेंच माध्यमाची गलातासराय शाळा १८६८ मध्ये सुरू झाली. प्रजासत्ताकाचे संस्थापक मुस्तफा केमाल (पुढचे अतातुर्क) हेही ऑटोमन लष्करी शाळांतच घडले, हे ध्यानात घेतले की प्रजासत्ताकाच्या सुधारणा अचानक उगवल्या नव्हत्या, हे आपोआप उमगते.

यानंतर कायद्यांपेक्षा माणसांच्या स्थलांतरांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण मला हा समाज खऱ्या अर्थाने तेथेच कळू लागला. १८६० च्या दशकात कॉकेशसमधून आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनंतर साम्राज्याच्या युरोपीय प्रांतांतून लाखो मुस्लिम निर्वासित अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागात, आले. १९१५ पासून आर्मेनियन समाज हद्दपारी आणि कत्तलींत जवळजवळ नाहीसा झाला. जानेवारी १९२३ मध्ये लोझान येथे झालेल्या करारानुसार ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरली. आधीच पळून गेलेल्यांसह सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला गेले आणि सुमारे ४ लाख मुस्लिम तुर्कस्तानात आले. निकष भाषेचा नव्हता, धर्माचा होता. म्हणून तुर्की बोलणारे करमानली ख्रिस्ती ग्रीसला पाठवले गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुस्लिम आयवालिकसारख्या किनारी गावांत वसवले गेले. आयवालिकमध्ये मशिदी झालेली जुनी चर्चे आजही उभी आहेत, आणि नवख्या अभ्यासकाने ती पाहावीतच.

भाषेची तयारी मात्र दुहेरी लागते. १९२८ मध्ये अरबी वळणाची लिपी जाऊन लॅटिन लिपी आली. त्यामुळे मोडी न येणाऱ्याला पेशवे दफ्तराचे मूळ कागद जसे वाचता येत नाहीत, तसेच केवळ आधुनिक तुर्की शिकलेल्याला इस्तंबूलच्या ऑटोमन अभिलेखागारात काम करता येत नाही. आधी आधुनिक तुर्की पक्की करून मगच जुन्या लिपीकडे वळावे, असे मी आग्रहाने सांगेन.

१९२६ ची स्विस धर्तीची नागरी संहिता, १९३४ चा आडनावांचा कायदा आणि त्याच वर्षी स्त्रियांना मिळालेला संसदीय मताधिकार यांची माहिती कोणत्याही चांगल्या ग्रंथात मिळेल. अवघड प्रश्न निराळा आहे: या सुधारणा खेड्यांत किती पोहोचल्या? १९५० मध्येही सुमारे तीन चतुर्थांश लोक ग्रामीण भागात राहत होते. त्याच वर्षीच्या निवडणुकीत अतातुर्कांचा पक्ष सत्तेवरून गेला आणि १९३२ पासून तुर्कीत द्यावी लागणारी अजान पुन्हा अरबीत देण्याची मुभा मिळाली. पुढच्या दशकांत याच खेड्यांतील कुटुंबे इस्तंबूल आणि अंकाराच्या कडेला स्वतः घरे बांधून राहू लागली. तेव्हा १९५० नंतरच्या राजकारणाकडे वळण्यापूर्वी या वस्त्यांविषयीचे समाजशास्त्रीय लेखन वाचून घ्यावे.