खड्ड्याने पाडलं? पोलीस ठाण्यातून आणि पालिकेतून कागद असा काढा

खड्ड्यात दुचाकी आदळून माणूस पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा खडी टाकून बुजवलेला असतो आणि ठाण्याच्या नोंदीत ‘गाडी स्लिप होऊन पडला’ एवढी एक ओळ असते. पुढे नुकसानभरपाई मागा, ठेकेदाराचं नाव विचारा, गुन्हा नोंदवा म्हणा; त्या एका ओळीपाशी घोडं अडतं. पहिल्या दिवशी कोणत्या कागदावर कोणते शब्द पडले, यावर पुढचं सगळं ठरतं. हे मार्गदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांपुरतं आहे.

जागेवरचा अर्धा तास

जखमीला दवाखान्यात हलवल्यावर सोबतच्या एकाने जागेवर थांबावं. खड्ड्याचा नुसता जवळून काढलेला फोटो कामाचा नाही, कारण तो कुठल्याही रस्त्याचा असू शकतो. एक फोटो दुकानाची पाटी किंवा दिव्याच्या खांबाचा नंबर दिसेल असा, रस्त्याच्या दोन्ही दिशांनी लांबून घ्यावा. दुसरा खड्ड्यात उभी टेप धरून. काठापासून काठापर्यंत आडवी काठी ठेवा आणि तिच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत मोजा, ती खरी खोली. पाणी साचलं असेल तर आधी तसाच फोटो, मग काठी बुडवून ओली खूण मोजायची. बॅरिकेड नव्हतं, दिवा बंद होता, हेही फोटोत यायला हवं. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळ आणि ठिकाणाची माहिती गळून जाते, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शेजारच्या टपरीवाल्याचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. समोरच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर त्याच दिवशी चित्रण मागा, अनेक दुकानांत ते काही दिवसांतच आपोआप पुसलं जातं.

दवाखान्यात एक वाक्य

‘कसं लागलं?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर केस पेपरवर लिहिलं जातं आणि ते वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. घाईत ‘पडलो’ एवढंच सांगितलं तर तेवढंच लिहिलं जाईल. ‘अमुक रस्त्यावर, अमुक खांबाजवळ खड्ड्यात चाक गेल्याने पडलो’ असं पूर्ण सांगा आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची दुखापतीची नोंद) करायला सांगा. एमएलसी झाली की दवाखान्यातून पोलिसांना खबर जाते, तुमच्या तक्रारीआधी एक नोंद तयार होते. डिस्चार्ज कार्ड हातात घेताना तिथेही हेच कारण आहे का ते बघा. नसेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

पोलीस ठाण्यात

तक्रार तोंडी सांगू नका. दोन प्रती लिहून न्या, एक द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि बक्कल (बिल्ला) नंबर घ्यायचा. ठाणे अंमलदार ‘साहेब आल्यावर बघू’ म्हणाले तर त्यांच्यासमोरच तीच तक्रार ठाण्याच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिलेली खबरही चालते. मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते, आणि नेमकी तीच लोक विसरतात.

‘हद्द आमची नाही’ हे कारण आता टिकत नाही. याच कलमाप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर घ्यावीच लागते आणि मग ती योग्य ठाण्याकडे जाते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. झेरॉक्सचे पैसेसुद्धा द्यायचे नाहीत.

जास्त त्रासदायक प्रकार दुसराच असतो. बऱ्याच प्रकरणांत पडलेल्या चालकावरच भरधाव गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल होतो आणि खड्डा कागदावर येतच नाही. म्हणून तक्रारीत रस्त्याची देखभाल करणारा अधिकारी आणि ठेकेदार यांच्या हयगयीमुळे दुखापत झाली, असं स्पष्ट लिहा. नाव माहीत नसेल तर ‘संबंधित ठेकेदार व अभियंता’ पुरे. निष्काळजीपणाने दुखापत हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ चा गुन्हा आहे, हाड मोडण्यासारखी गंभीर दुखापत असेल तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मृत्यू झाला असेल तर कलम १०६. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ठाण्यात हे कलम सहसा कोणी स्वतःहून काढत नाही. तुम्ही लिहा.

३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस आधी प्राथमिक चौकशी करू शकतात, पण त्यासाठी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि चौकशी १४ दिवसांत संपवावी लागते. ‘चौकशी चालू आहे’ असं ऐकायला मिळालं तर परवानगी कोणत्या तारखेची, एवढंच लेखी विचारा.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, बॅरिकेड नसणं, दिवा बंद असणं, यातलं काही राहिलं असेल तर लिहायला लावा. पंचनामा होईपर्यंत खड्डा बुजवला गेला असेल तर ‘ताजी खडी व डांबर टाकून बुजवलेली जागा’ असा उल्लेख मागा. तोही पुरावाच आहे.

तरीही गुन्हा नोंदला नाही तर तक्रारीचा मजकूर शहरात पोलीस उपायुक्तांना, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. पावती आणि पोच झाल्याचा ट्रॅकिंग अहवाल जपा. त्याने हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज करता येतो. वरिष्ठांना पाठवलेल्या पत्राची पोच जोडल्याशिवाय हा अर्ज टिकत नाही, म्हणून मधली पायरी गाळू नका.

ठाण्यात अपमान झाला, हाकललं गेलं, तर त्याच आठवड्यात ‘अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जतन करावं’ असं एक पत्र द्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावून चित्रण १८ महिने ठेवायला सांगितलं आहे. पुढे ‘यंत्र बंद होतं’ असं उत्तर आलं तरी तुमचं पत्र त्याआधीचं असतं. पोलिसांच्या गैरवर्तनासाठी राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. गुन्हा नोंदवून घेण्याचा मार्ग मात्र वर सांगितलेलाच.

रस्ता नेमका कोणाचा?

इथे टोलवाटोलवी जन्माला येते. रस्ता पालिकेचा असतो, सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो, एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असतो. शिवाय केबल, गॅस, पाण्याच्या पाइपसाठी खोदलेली चर नीट न बुजवल्याने पडलेला ‘खड्डा’ वेगळाच. खड्डा लांबट, सरळ कडांचा आणि रस्त्याला समांतर किंवा काटकोनात असेल तर ती खचलेली चर असण्याची शक्यता मोठी, तेव्हा माहिती खोदाई परवानगीची मागा. वेडावाकडा, गोलसर असेल तर डांबराचा थर उखडलाय, तिथे रस्त्याच्या कामाचे कागद मागायचे.

चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. अर्ज परत पाठवला तर हेच कलम दाखवा.

माहितीचा अर्ज

राज्याच्या नमुना ‘अ’ मध्ये, एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. केंद्राच्या कार्यालयाला, म्हणजे महामार्ग प्राधिकरणाला, हा स्टॅम्प चालत नाही, तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. एवढ्याशा चुकीने महिना वाया जातो. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर तुमच्या पालिकेचं नाव असेल तर शुल्क तिथेच भरता येतं.

‘रस्ता खराब का झाला? जबाबदार कोण?’ असं विचारलं तर ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि ते बहुतेक वेळा टिकतंही. कारण कायद्याने मिळते ती असलेली नोंद. स्पष्टीकरण त्यात बसत नाही. म्हणून कागदाला नावाने हाक मारा. मजकूर असा ठेवता येईल:

‘अमुक रस्ता, अमुक चौक ते अमुक चौक, याबाबत १ एप्रिल २०२२ पासून आजपर्यंतच्या पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: १) कामाचे कार्यादेश व मंजूर अंदाजपत्रक. २) करारातील दोषदायित्व कालावधीची कलमे. ३) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने. ४) ठेकेदारास अदा केलेली देयके. ५) दिलेल्या खोदाई परवानग्या. ६) या भागातील खड्ड्यांच्या तक्रारी व त्यांवरील कार्यवाहीची नोंद. प्रती देण्यापूर्वी अभिलेखांचे अवलोकन करायचे आहे.’

दोषदायित्व कालावधी म्हणजे काम झाल्यावर ठरावीक वर्षं बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ. या काळात पालिकेने खड्डे बुजवायला दुसऱ्याला पैसे दिले असतील, तर कार्यादेश आणि देयक शेजारी ठेवताच ते दिसतं.

खरा मालमसाला मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मोजणी लिहिलेल्या वहीत असतो. तिच्यात लांबी, रुंदी, जाडी आणि गुणाकार असे रकाने असतात. समजा एका ओळीत ४० × ३.५० × ०.०५ = ७.०० घनमीटर लिहिलंय. म्हणजे ४० मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद पट्ट्यावर ५ सेंटिमीटर जाडीचा थर. तुटलेल्या कडेला टेप लावा. ३ सेंटिमीटरच भरला तर माल ४.२ घनमीटर होतो, बिल मात्र सातचं. एकाच ठिकाणच्या मोजणीवर आरोप करू नका, कडेला थर पातळ असू शकतो. चार-पाच जागी मोजा, फोटो घ्या आणि मग कोअर चाचणीचे (रस्त्याचा गोल तुकडा कापून थर तपासण्याचे) अहवाल मागा. कलम २(ञ) प्रमाणे कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो, हे अनेक माहिती अधिकाऱ्यांनाही नवीन असतं.

अर्जाला उत्तर द्यायची मुदत ३० दिवसांची. ते दिवस मोजताना एक मेख लक्षात ठेवा. अधिकाऱ्याने ‘इतक्या पानांचे, प्रति पान २ रुपयांप्रमाणे भरा’ असं पत्र पाठवलं की ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. पत्र मिळताच भरा. आणि ते पत्रच ३० दिवसांनंतर आलं असेल तर कलम ७(६) दाखवा, मग प्रती फुकट.

उत्तर नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत नमुना ‘ब’ मध्ये पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. अपिलात नवीन माहिती मागू नका. मूळ अर्जातला कोणता मुद्दा राहिला तेवढंच लिहा. त्यावर ३० दिवसांत, कारण नोंदवून फार तर ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा. पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे वेळ लागतो, भरपूर लागतो. कागद हवा असेल तर कलम १९ खालचं अपीलच करा. कलम १८ च्या तक्रारीत आयोग दंड करू शकतो (दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार), पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या एका प्रकरणात सांगितलं आहे.

पोलिसांकडे तपासाचे कागद मागितले की माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ज) पुढे येतं. तपास चालू आहे एवढं कारण पुरत नाही, माहिती दिल्याने तपासात नेमका अडथळा कसा येतो हे त्यांनी दाखवायला हवं. दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा भगत सिंग प्रकरणातला निकाल अपिलात जोडा. फिर्यादी असाल तर आणखी सोपी वाट आहे: तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणं हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पोलिसांचंच काम आहे.

भरपाई

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे व उघड्या मॅनहोलच्या अपघातांसाठी रक्कम ठरवून दिली: मृत्यूसाठी ६ लाख, जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती दावा ऐकते, आणि दाव्यापासून ६ ते ८ आठवड्यांत पैसे द्यायचे आहेत. अर्ज दोन्हीकडे द्या, दोन्हीकडून पोच घ्या. सोबत केस पेपर, एमएलसी, एफआयआर किंवा आवक शिक्क्याची तक्रार, पंचनामा, फोटो आणि बिलं. विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच सापडतं.

यापेक्षा मोठ्या रकमेसाठी पालिकेवर दावा लावायचा असेल तर आधी १ महिन्याची लेखी नोटीस लागते आणि दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. मुंबईसाठी १८८८ च्या महापालिका कायद्याचं कलम ५२७, इतर महापालिकांसाठी १९४९ च्या महापालिका कायद्याचं कलम ४८७. नोटिशीचा महिना धरला तर वकिलाकडे पाचव्या महिन्यात जाणं म्हणजे उशीरच, आणि दुसऱ्या अपिलाची वाट पाहता पाहता ही मुदत हमखास निघून जाते. माहितीचे कागद हातात आले नसले तरी नोटीस पाठवून ठेवा.