परिसराचा तास: आधी धडा, मग सहल

शाळेत पर्यावरणाचे उपक्रम घ्यायला नव्याने येणारे बहुतेक जण पहिल्याच भेटीत सहलीचा बेत पुढे करतात. मुख्याध्यापक 'बघू' म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. शिक्षकांची अडचण वेगळीच असते: हा तास कोणत्या धड्यात बसवायचा आणि आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात त्याची नोंद कुठे करायची? म्हणून राज्य मंडळाची पुस्तकं घेऊन बसा. तिसरी ते पाचवी परिसर अभ्यास, आठवीत परिसंस्था, नववीत परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह, हे तर समोरच दिसतं. खरी जागा मात्र गणितात मिळते.

मुंबईत शाळा जूनमध्ये उघडते, पाऊसही तेव्हाच येतो. सुरुवात पर्जन्यमापकाने करा. दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली घ्या, निमुळता भाग कापून तो उलटा आत बसवा. तळाशी खडे टाका, म्हणजे वाऱ्याने पडणार नाही. तळ उंचसखल असतो, त्यामुळे बाजू जिथून सरळ होते तिथवर आधी पाणी भरून तिथे शून्याची खूण करा. ही पायरी गाळली की सगळे आकडे चुकतात. बाटली भिंतीपासून भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर हवी. गच्ची असेल तर उत्तम, फक्त किल्ली कोणाकडे असते ते आधीच विचारून ठेवा.

हवामान खातं सकाळी साडेआठ ते साडेआठ असा दिवस धरतं, तुम्हीही तीच वेळ पाळा. रविवारची नोंद कोणी घेत नाही, त्यामुळे सोमवारचा आकडा 'दोन दिवसांचा एकत्र' असा लिहा. मुलं तो हमखास एका दिवसाचा धरतात आणि स्तंभालेखात सोमवार उगाच उंच दिसतो. मुसळधार पावसात बाटली भरून वाहू शकते. अशा वेळी दोनदा मोजा.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढं कळलं की क्षेत्रफळ-घनफळाचा धडा जिवंत होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला. दहा बाय दहा मीटरच्या गच्चीवर ते पाणी ९४,४०० लिटर होतं. दहा हजार लिटरचे नऊ टँकर भरूनही उरेल, हे मुलांना स्वतःच काढू द्या.

ऊर्जाप्रवाहासाठी खडकाळ किनारा घ्या. हाजी अली किंवा वांद्र्याचा बँडस्टँड चालेल. घोळ होतो तो ओहोटीच्या वेळेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेदहाच्या सुमारास. अष्टमीला ती दुपारी बाराला येते, शाळेला सोयीची खरी, पण भांगाची (कमी चढउताराची) असल्याने पाणी फारसं मागे जात नाही आणि खडक उघडा पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येला खडक भरपूर उघडतो, पण सहाला! त्यामुळे पंचमी-षष्ठीच धरा, आणि छापील भरतीचं कोष्टक पाहूनच पालकांच्या संमतिपत्रावर वेळ लिहा.

तिथे सुतळीचा अर्ध्या मीटरचा चौकोन टाकून आतली शेवाळं, गोगलगायी, खेकडे, कालवं मोजायची. तीन चौकोन पुरेत: पाण्याजवळ, मध्ये, वर. उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा.