जोडणीनंतर पुढचे चाक जड फिरते : पुन्हा उघडण्यापूर्वीची तयारी

टायर बदलण्यासाठी किंवा बेअरिंग नवे घालण्यासाठी मोटारसायकलचे पुढचे चाक काढले, परत बसवले आणि नंतर ते हाताने ढकलल्यावर अर्ध्या फेरीतच थांबू लागले, तर दोष बहुधा झिजलेल्या भागात नसून जोडणीत असतो, म्हणून नवे पॅड किंवा नवे बेअरिंग विकत आणण्याची घाई करू नये. चाक लगेच पुन्हा काढूही नये, कारण आत्ता ते ज्या स्थितीत घासते आहे तीच स्थिती कारण सांगणार आहे. एका वेळी एकच गोष्ट सैल करायची आणि प्रत्येक वेळी चाक फिरवून पाहायचे, एवढाच या कामाचा क्रम आहे आणि पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

गाडी सपाट, टणक जमिनीवर डबल स्टँडवर घ्यावी आणि इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावावा. सायलेन्सरच्या पाइपखाली जॅक लावू नये. ज्या गाडीला डबल स्टँड नाही, तिच्यासाठी मागे पॅडॉक स्टँड (मागचे चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) आणि गाडी धरायला दुसरा माणूस असावा. एक्सलच्या (चाकाच्या आरपार जाणाऱ्या दांड्याच्या) मापाचे रिंग पाने, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा), ब्लीडर निपलला (ब्रेक ऑइल बाहेर सोडण्याच्या छोट्या तोटीला) बसणारा छोटा रिंग पाना, पारदर्शक नळी, बाटली, ब्रेक क्लीनर, स्वच्छ फडकी आणि खडू जवळ ठेवावेत. ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे पेट्रोलची टाकी झाकावी आणि पाण्याची बादली हाताशी असू द्यावी. ब्रेक ऑइल त्याच्या हँडलवरील छोट्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचे आणि सीलबंद बाटलीतलेच घ्यावे, कारण उघड्या बाटलीतले ऑइल हवेतली ओल शोषते. त्या मॉडेलच्या सुट्या भागांचे चित्र मोबाइलवर उतरवून ठेवल्यास डावा स्पेसर (चाक व शॉकअप यांच्यातले अंतर राखणारे कडे) कोणता आणि उजवा कोणता, याबद्दल वाद उरत नाही.

पहिली फेरी पाना न लावता करावी. टायरवर खडूने खूण करून चाक सावकाश फिरवावे. प्रत्येक फेरीत एकाच जागी अडत असेल, तर वाकलेली डिस्क, रिमवर नीट न बसलेला टायर किंवा मडगार्डला होणारा स्पर्श असा शोध घ्यावा. सगळीकडे सारखेच जड असेल तर पुढे जावे. डिस्क ब्रेकच्या गाडीत पॅडचा हलका सर्र आवाज येणे स्वाभाविक आहे, त्याला दोष समजू नये.

त्यानंतर एक्सलचा नट थोडा सैल करावा. तेवढ्याने चाक मोकळे झाले, तर दाब आडवा येतो आहे. येथे सर्वांत जास्त संशय हबच्या आत, दोन बेअरिंगांच्या मध्ये बसणाऱ्या लांब नळीवर घ्यावा. बेअरिंग बदलताना ही नळी बाहेर राहिली किंवा विसरली गेली, तर बाहेरून काहीच दिसत नाही, पण नट आवळताच दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्या एकमेकींकडे खेचल्या जातात आणि गोळ्या आडव्या दाबल्या जातात. असे चाक सैल नटावर चालवून वेळ मारून नेणे म्हणजे उघड धोका पत्करणे होय. नळी जागेवर असेल तर बाहेरचे स्पेसर अदलाबदल झाले आहेत का, हे चित्राशी ताडून पाहावे. मीटरची गरारी (वेग दाखवणाऱ्या मीटरची केबल फिरवणारी) हबमध्ये असलेल्या गाडीत तिची पाती हबच्या खाचेत बसली आहेत का, हेही पाहावे. खाच चुकून पाती वर टेकली की नट आवळताना ती चेपतात आणि त्यांच्या कडेवर चकाकणारा ताजा ओरखडा दिसतो.

एक्सलवर पिंच बोल्ट (शॉकअपच्या टोकाशी एक्सल चिमटून धरणारा बोल्ट) असेल तर तोही सैल करून पाहावा. तो एक्सलच्या आधी आवळला गेला की शॉकअपचा एक पाय तिरका धरला जातो आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) डिस्कच्या मध्यावर राहत नाही. योग्य पद्धत अशी की एक्सल टॉर्कप्रमाणे आवळावा, गाडी स्टँडवरून उतरवावी, पुढचा ब्रेक दाबून शॉकअप काही वेळा खालीवर करावेत आणि मगच पिंच बोल्ट आवळावा.

एक्सल सैल करूनही फरक पडला नाही, तर कॅलिपर उतरवून चाक फिरवावे. आता मोकळे फिरले तर दोष ब्रेकचा आहे. कॅलिपर परत बसवून निपल क्षणभर उघडावा. ऑइल सुटताच चाक मोकळे झाले, तर दाब आत अडकलेला आहे. अशा वेळी लिव्हर पूर्ण परत येते का, ब्रेक ऑइलची टाकी वरच्या खुणेपलीकडे भरली आहे का आणि मास्टर सिलेंडरचे (लिव्हरजवळ ऑइलला दाब देणाऱ्या भागाचे) परतीचे छिद्र बुजले आहे का, हे पाहावे. निपल उघडूनही फरक नसेल, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत. पावसाळ्यानंतर पिनांवर चिखल व गंज हमखास सापडतो. चाक बाहेर असताना कोणी लिव्हर दाबली असेल तर पिस्टन पुढे आलेले असतात, ते हळूहळू मागे ढकलावेत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे असल्याने तिच्या सेन्सरची वायर आणि कडे यांना धक्का लागू देऊ नये.

ड्रम ब्रेकच्या गाडीत पॅनेलची (ब्रेकचे शू धरणाऱ्या झाकणाची) खाच आणि शॉकअपवरील अडणी एकमेकांत बसली आहे, याची खात्री सर्वांत आधी करावी. ती बसलेली नसेल तर ब्रेक दाबताच पॅनेल चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होऊ शकते, त्यामुळे ही तपासणी चुकवून गाडी हलवूच नये. केबल फार ताणलेली नाही ना, आणि सीबीएस (एकाच पेडलने दोन्ही ब्रेक लावणारी यंत्रणा) असल्यास मागच्या पेडलकडून येणारी केबलही ताणलेली नाही ना, हे पाहावे. शू मध्यावर आणण्यासाठी नट थोडा सैल ठेवून चाक फिरवावे, ब्रेक दाबून धरावा आणि त्याच स्थितीत नट आवळावा.

शेवटी स्प्लिट पिन असल्यास नवीच घालावी, लिव्हर कडक होईपर्यंत दाबावी आणि अंगणातच हळू वेगात ब्रेक मारून पाहिल्यावर नट व पिंच बोल्टवर टॉर्क पाना पुन्हा एकदा लावावा.